पहिला नंबर

बॉस्टनजवळच्या त्या गावात कौन्सिलच्या मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यायचे असतात; पहिल्या फेरीत फक्त पहिल्या नंबरची मतं मोजतात. गुरुनाथने पहिला नंबर शेजारच्या डॉनला देऊन टाकला. बिचारा हिवाळाभर यांच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढायचा. बायको नीलांबरीही उभी होती, पण तिला काय, सगळे मराठी लोक एक नंबर देणारच होते! तिला त्याने दोन दिला.

आज रिझल्ट लागला. डॉन ढिगाने मतं घेऊन निवडून आला. नीलांबरी पहिल्याच फेरीत बाद झाली, अवघ्या एका मताने.

"चूक माझीच रे," लॅपटॉप मिटत ती म्हणाली. "स्वतःलाच एक नंबर द्यायला कसंतरीच वाटलं. मी लायब्ररीतल्या एलेनला एक दिला आणि मला दोन. माझं मत मलाच दिलं असतं, तर निदान टाय तरी झाला असता."

गुरुनाथने घसा खाकरला. आता सांगूनच टाकावं म्हणून तोंड उघडलं.

"राहू दे, समजूत नको घालूस," ती म्हणाली. "एकसष्ट जणांनी मला पहिला नंबर दिला. त्यात तू आहेस, एवढं पुरे आहे मला."

गुरुनाथने मान डोलावली.