आठ दिवसांची अंगठी

लेकरांनो, डोळे मिटा आणि तळहात पुढे करा. त्यावर एक अंगठी आहे असं समजा. सोन्याची, थोडी झिजलेली, वर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरा. आता मूठ मिटा. सेवा नावाची दहा वर्षांची पोर अशीच मूठ मिटून वसमतच्या सराफाच्या दुकानात बसली होती. शेजारी तिचे बाबा, तातेराव.

अंगठी त्यांची नव्हती. गेल्या आठवडी बाजारी त्यांनी ती मिराबाई नावाच्या म्हातारीकडून आणली होती. सेवाच्या काकाचा साखरपुडा ठरला होता. नवरी नांदेडची, शाळेत शिकवणारी. “मास्तरणीच्या बोटात हिरा पाहिजे बरं,” असं आई चारदा म्हणाली होती. दुष्काळ सरून दोनच वर्षं झालेली. नवा हिरा झेपणारा नव्हता. वसमतला या म्हातारीला आपली साखरपुड्याची अंगठी विकायची आहे असं कळलं. तातेराव आपल्या हट्टा गावाहून दर बाजारी वसमतला यायचेच. त्या दिवशी त्यांनी सेवालाही आणलं.

मिराबाईचं घर दोन खोल्यांचं. घरात ती एकटी. तिनं आधी पाट मांडले, मग पोहे केले, मग चहा. हट्ट्याला पाऊस कसा झाला, सेवा कितवीत आहे, पाढे किती येतात, सगळं विचारून झालं. सेवानं एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. मिराबाईनं तो पुन्हा म्हणायला लावला. अंगठीचं नाव निघायला तास गेला.

तातेरावांनी बयाण्यासाठी खिशात हात घातला, तर तिनं मान हलवली.

“पैसे राहू द्या, दादा. हिरा लाभतो का न्हाई ते आधी पाहा. आठ दिवस घरी ठेवा. लाभो न लाभो, पुढच्या बाजारी सोता येऊन सांगा. मी वाट पाहते.”

जुना हिरा असाच घ्यायची रीत होती. आधी लाभतो का ते पाहायचं, मग सराफाला दाखवायचं. न लाभणाऱ्या हिऱ्याची पारख करून काय उपयोग? तातेरावांनी अंगठी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली. आठ दिवस सगळं घर जपून वागलं. मांजरानं दुधाचं भगुनं सांडलं, तेव्हा आई घाईनं म्हणाली, “हे हिऱ्यावर धरू नका. हे मांजर पहिल्यापासूनच तसलं हाय.”

आणि आज ते पारख करायला व्यंकटराव सराफांकडे आले होते. सेवानं मूठ उघडली. व्यंकटरावांनी अंगठी ओळखली, पण हातात घेतली नाही.

“पोरी, तूच कर पारख. खड्यावर तोंडाची वाफ सोड. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते. काचेवरची रेंगाळते.”

सेवानं ‘हाऽ’ केलं. खडा धुरकट झाला. तिनं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. वाफ हलेना.

“काच!” ती म्हणाली.

तातेराव उठूनच उभे राहिले. “म्हणजे म्हातारी फसवून राहिली व्हय लोकायला!”

“तुमच्याकडून काय घेतलं तिनं?” व्यंकटरावांनी विचारलं.

तातेराव पुन्हा खाली बसले.

“तुमी सातवं गिऱ्हाईक. खडा काचेचा हाय, हे मीच तिला सांगितलं. चार वर्षं झाली. पैसा तिनं कोणाकडून घेतला न्हाई.”

“मग काहून करते असं?”

व्यंकटराव तराजू पुसत राहिले. “सहाही जण अंगठी इथंच टाकून गेले. तिला सांगायला कोणी गेलं न्हाई. दर वेळी मीच नेऊन देतो.”

“आमी बी इथंच ठेवतो. चल सेवा, मोटार चुकंल.”

सेवा हलली नाही. “सोता येऊन सांगा म्हणली होती ती.”

“मला न्हाई जायचं तिच्या दारात. तुला जायचं तर जा. अंगठी हातावर ठेव अन् पळत ये.”

मिराबाईचं घर मागच्याच गल्लीत. दार उघडं होतं. आत तीन पाट मांडलेले. तीन बशा पोह्यांच्या, वर ताटल्या झाकलेल्या. मिराबाई उंबऱ्यात उभी होती. धुतलेलं लुगडं, नीट घातलेला अंबाडा. तिनं सेवाच्या मागे गल्लीत पाहिलं.

“एकटीच आलीस?”

“बाबा मोटारीकडं गेले.”

मिराबाईनं एका पाटाकडं पाहिलं. मग सेवाच्या मिटल्या मुठीकडं.

“न्हाई लाभली ना, लेकरा?” ती म्हणाली. आणि मघाशी तुम्ही केलात तसा तळहात तिनं पुढे केला.

सेवानं त्यावर काही ठेवलं नाही. तिनं मूठ पाठीमागे नेली, आत येऊन पाटावर बसली आणि बशीवरची ताटली काढली.

“अजून कळलं न्हाई, आजी. पुढच्या बाजारी येऊन सांगते.”