तेवढं वाक्य

राजेसाहेबांनी कारभार स्वतःच्या हाती घेतला, तेव्हा काठमांडूच्या आमच्या टीव्ही केंद्रात मेजर खड्का बातम्या तपासायला लाल पेन घेऊन बसायचे. निवेदिका सुभद्राताईचा भाऊ डोंगरातल्या शाळेत मास्तर होता; त्याला सैनिकांनी घरातून उचलून नेलं. ती बातमी मेजरनी खोडली. भाऊ परत आलाच नाही.

पुढे राजेशाही गेली. निवृत्त मेजर ताईच्याच कार्यक्रमात मुलाखतीला आले आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, "डोंगरातल्या शाळांचे चार मास्तर मीच सैनिक पाठवून उचलले. एकही घरी परतला नाही."

कॅमेरा बंद झाला, तसा त्यांना घाम फुटला. "ताई, तेवढं वाक्य कापा. मी तुरुंगात जाईन."



ताईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "मेजरसाहेब, राजा गेल्यापासून आम्ही काहीच कापत नाही."