हातभर अलीकडे

“लोड किती धरायचा?” वायरमनने विचारले.

“दोन दिवे, एक पंखा, एक ड्रिल मशीन,” बाई म्हणाल्या. “कामाच्या बाकावर उजेड उजवीकडून यायला हवा. डावखुऱ्या माणसाच्या हातावर सावली पडता कामा नये.”

वायरमनने वहीत टिपून घेतले. “डावखुरं कोण बसणार शेडमध्ये?”

“कुणी नाही.”

सून मागे उभी होती. “बाई, बाबांना जाऊन महिना झाला. आता तिथे वीज कशाला?”

“मी सांगते म्हणून.”

महिनाभर बाईंनी सगळे स्वतः उरकले होते. यजमानांचे कपडे वाटले, चष्मा देऊन टाकला, कागदांवर सह्या केल्या. एकाही कामात हात थांबला नव्हता. आतही काही हलले नव्हते. आज यादीत वीज होती.

निवृत्तीनंतर यजमान बागेतल्या शेडमध्ये मोडक्या खुर्च्या दुरुस्त करीत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एकदाच तिथे वीज मागितली होती. “माझ्या घराच्या भिंतीला भोक पडणार नाही,” बाईंनी सांगितले होते. भिंत हे निमित्त होते. दिवस मावळला की यजमानांना हत्यारे ठेवावी लागत आणि ते घरात येत. शेडमध्ये दिवा लागला असता, तर ते कधी आले असते कोण जाणे. यजमानांनी पुन्हा तो विषय काढला नाही. अर्थात, त्यांना फारशी गरज नसावी, असे बाईंनी ठरवून टाकले. गेला महिनाभर त्या या एकाच वाक्याच्या आधाराने उभ्या होत्या.

वायरमनने आखणी सांगितली. शेडपासून कुंपणाच्या कडेने घराच्या भिंतीपर्यंत अठरा मीटर. दोन फूट खोल चर, पाइपातून केबल, घरातल्या बोर्डावर वेगळे बटण. मग त्याने शेडलगत कुदळ घातली. काही घावांतच ती कशावर तरी वाजली.

“बाई, इथे आधीच पाइप आहे.”

“पाण्याचा असेल.”

“छे, वायरीचा आहे.”

तो माती उकरीत निघाला. पाइप कुंपणाच्या कडेने सरळ गेला होता. खाली वाळू होती, वर विटांची रांग. घराच्या भिंतीपासून हातभर अलीकडे तो संपला. तोंडाला प्लास्टिक घट्ट बांधलेले होते. वायरमनने ते सोडले. आत निळी दोरी होती. ओढल्यावर ती सहज सरकली.

“केबल ओढून घ्यायला आतून दोरीसुद्धा घालून ठेवलीय! आम्हीही एवढं नेटकं करत नाही. फक्त शेवटी गडी कंटाळला बघा. हातभर काम सोडून दिलं.”

सून खाली वाकली. “बाई, ही तर आपली कपडे वाळत घालायची दोरी! माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. तुम्ही मावशींकडे गेला होतात, मी माहेरी होते. परत आलो, तर दोरी गायब. मीच कुठेतरी टाकली म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात तुम्ही.”

बाईंना तो उन्हाळा आठवला. कुंपणाकडची माती ताजी होती. नवी रोपे लावली, असे यजमान म्हणाले होते. रोपे वाकडी लागलीत, असे त्या म्हणाल्या होत्या.

“दहा वर्षं झाली त्याला,” बाई म्हणाल्या. आवाज बदलला नाही.

वायरमन ड्रिल घेऊन कोठीच्या खोलीत आला. पाइपचे तोंड बरोबर या भिंतीपलीकडे येत होते. अलीकडे पिठाचा मोठा डबा उभा होता.

“भोक इथूनच पाडावं लागेल. चालेल ना?”

“पाडा.”

त्याने डबा सरकवला. मागच्या भिंतीला कित्येक वर्षांत रंग लागला नव्हता. त्याने ड्रिल टेकवले आणि लगेच खाली घेतले.

“बाई, जागासुद्धा आखून ठेवलीय. खाली काहीतरी लिहिलंय.”

बाईंनी चष्मा लावला. भिंतीवर सुताराच्या जाड पेन्सिलीने फुली मारलेली होती. तिच्याखाली डाव्या हाताचे, मागे कललेले अक्षर होते.

‘हिला विचारून, मगच.’