पालथा तांब्या

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी, आषाढात माझ्या भावाच्या पोटात कळ उठली. गावातल्या सरकलेल्या बेंब्या मीच बसवायची. त्याच्याही बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घातला.

"अक्का, अजून थांबलं नाही गं," तो म्हणाला.

"लहानपणापासून रडकाच तू!" म्हणत मी दोन दिवस तेच करत राहिले.

मग दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, ते मऊ होतं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून." तांब्याचं सांगायची मला लाज वाटली.

त्यांनी रिपोर्टातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "रक्तात लॅक्टेट फार चढलंय. आतड्याचा रक्तपुरवठा अडला असणार, आणि हे एका सकाळचं वाटत नाही. खरं सांगा."

मी खाली पाहिलं. खाटेवरून भावाने माझा हात धरला.

"सकाळपासूनच, बाई," तो म्हणाला. "अक्का खोटं बोलत नाही."

माझा भाऊ यसबा दुसऱ्या दिवशी, आषाढ वद्य नवमीला, ऑपरेशनच्या टेबलावरच वारला.