महिन्याभराचं जहाज

“हे किती दिवसांत होतं?” नळदुरुस्तीवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानदार वैतागला. काउंटरवर तीन डोलकाठ्यांच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती घरी जोडायचं खोकं उघडून ठेवलं होतं. “अहो, लाकूड बघा, नकाशा बघा. जहाज म्हणजे काय बटाटे आहेत, किती वेळात शिजतात विचारायला?”

“तरी पण.”

“रोज दोन तास बसलं तर वर्ष. वहिनींचा हात चालता आहे, दहा महिने धरा.”

नळवाल्याने खिशातून बायकोने लिहून दिलेला कागद काढला. लाकडाची पट्टी वाकवून बघा, कडकन मोडली तर नको. कापताना कडा जळलेल्या नकोत. दोऱ्याला लव नको. त्याने एक पट्टी दोन्ही टोकांना धरून वाकवली. आयुष्यभर पान्याने नट आवळून जाड झालेली बोटं त्याची, पण पट्टी मोडली नाही. कडा स्वच्छ. दोरा गुळगुळीत. काहीतरी खोट निघेल या आशेने तो आला होता. एकही निघाली नाही.

“झालं ना पास? बांधू?”

“यापेक्षा लहान काही आहे, मालक?”

“लहान? नऊ जहाजं बांधलीत त्यांनी. त्यांना खेळणं नेऊन देणार? उद्या तेच खोकं माझ्या टाळक्यात घालतील. नळ गळत असेल तर तुम्हाला विचारीन, जहाजातलं वहिनींना कळतं.”

“नऊच्या नऊ पुरी आहेत,” नळवाला म्हणाला. “अर्धवट काम तिला खपत नाही.”

“मग?”

त्याने एकदा दाराकडे बघितलं. जिना उतरणंही न जमणारी बायको तिथे येऊन उभी असेल, असं उगाच वाटलं.

“डॉक्टर म्हणाले, महिना. फार तर दीड. मला बाहेर बोलावून सांगितलं. तिला माहीत नाही.”

दुकानदार स्टूल ओढून वर चढला आणि अगदी वरच्या फळीवरून एक चपटं खोकं काढून आणलं. त्यावरची धूळ त्याने बाहीनेच पुसली.

“मासेमारीची होडी आहे. लाकूड हेच, बनवणाराही हाच. बावीस पट्ट्या, एक शीड. रोज तासभर बसल्या तरी तीन आठवडे.” हे तो खोक्याकडे बघूनच बोलला.

नळवाल्याने कागद पुन्हा उलगडला आणि पहिल्या ओळीपासून तपासायला घेतलं. दोऱ्यापर्यंत आला तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, मिळालं का?” तिचा आवाज बारीक झाला होता, पण घाई तीच. “तीन डोलकाठ्यांचं?”

“ते संपलंय गं. एक होडी आहे, चांगली आहे. कडा बघितल्या मी.”

“संपलंय? मागच्या आठवड्यात तर म्हणाले होते, आहे. द्या बघू त्यांना फोन.”

नळवाल्याने फोन पुढे धरला. दुकानदाराने आधी दोन्ही हात पँटला पुसले.

“हो वहिनी. नमस्कार. नाही ना, कालच गेलं एक गिऱ्हाईक घेऊन.” उघड्या खोक्यावर त्याने नकाशा पसरला, जणू ती बघत होती. “पण काळजी नको. पुढच्या महिन्यात नवीन माल येतोय. आला की पहिलं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.”

मग तो नुसता ऐकत राहिला. एकदा “अहो, पण” म्हणाला आणि थांबला. शेवटी “बरं” म्हणून त्याने फोन परत दिला. पलीकडून तो बंद झाला होता.

“काय म्हणाली?”

दुकानदार होडीच्या खोक्याला सुतळी बांधू लागला. गाठ दोनदा सुटली.

“मालक, काय म्हणाली ती?”

“म्हणाल्या, पुढच्या महिन्यातलं माझ्यासाठी ठेवू नका. ज्याला हवं असेल त्याला देऊन टाका.”