रोज नवा खडा

कौसा बंद पडलेल्या मेट्रोच्या बोगद्यातून वर निघाली तेव्हा भिवाकाकांनी खड्यांचा डबा पुढे केला. "नवा घे गं कौसा. कालचा नको."

"घेतला की, काका," कौसा खोटंच बोलली. कालचाच खडा तिच्या डाव्या बुटात होता. त्याला पाय सरावला होता, आता बोचत नव्हता.

वरच्या शहरात दिव्याचा प्रत्येक खांब माणसाला चालीवरून ओळखायचा. ज्याच्या नावावर घर नाही त्याला गाडी उचलून न्यायची. म्हणून बुटात रोज वेगळा खडा आणि रोज वेगळी चाल.

नवऱ्याचं दम्याचं औषध घेऊन ती भराभर परत निघाली, तेव्हा कोपऱ्यावरचा खांब गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. हल्ली नेहमी दिसता. राहता कुठं?"

कौसाने बूट उपडा करून खडा गटारात टाकला आणि सरळ चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पाय तसाच लंगडतोय.

पुढचा खांब म्हणाला, "सावकाश, ताई. आम्ही घरापर्यंत सोबत आहोत."

बोगदा डावीकडे होता. औषधाची बाटली छातीशी धरून कौसा उजवीकडे वळली.