लई धीराचा माणूस

मच्छिंद्र छाटणीची कात्री कचकच वाजवत अंगणात आला आणि म्हणाला, "वैनी, दादानी ही मला देऊन टाकली. कायमची."

चांगुणाला आधी हसूच आलं. पुणतांब्यात कुणालाही विचारा, तिचा नवरा गोरक्ष पाटीभर पेरू फुकट देईल, पण कात्री कुणाच्या हाती देणार नाही. मच्छिंद्र सख्खा चुलतभाऊ, पण त्यालाही ती कधी तासाभरासाठी मिळाली नव्हती. आणि आता, बागेची छाटणी तोंडावर आलेली असताना, कायमची?

मग ती हसायची थांबली.

जबड्याचा कॅन्सर आहे असं कळल्यावर गोरक्ष भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाच्या हातात केळी, इतकी की शेवटी शेळीनंही तोंड फिरवलं. गेल्या आठवड्यात मात्र तो आपणहून उठला. दाढी केली. चांगुणाला पाण्याची मोटार चालू करायला शिकवली, कोणता व्यापारी काट्यात मारतो तेही सांगून ठेवलं. लई धीराचा माणूस, असं जो तो म्हणाला. चांगुणाही म्हणाली. सोमवारी नगरला उपचार सुरू व्हायचे होते, तिनं पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

"भावजी, तुमी इथंच ओट्यावर बसा," ती म्हणाली. "मी बोलवीन तवा या. घरी जाऊ नका."

मच्छिंद्र काही विचारणार होता, पण तिचा चेहरा बघून गुमान बसला.

गोरक्ष बागेत एका झाडाखाली बसला होता. वर पोपटांनी पेरू टोचून टोचून नासधूस चालवलेली, आणि हा साधा खडासुद्धा उचलत नव्हता. येता येता चांगुणानं मनात बरंच जुळवलं होतं. लेकरांची शपथ घालायची, खंडोबाचं नाव घ्यायचं, चांगलं फैलावर घ्यायचं. त्याच्यासमोर मातीत बसल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"जीव द्यायचं मनात हाय का तुमच्या?"

गोरक्षनं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. व्हय.

चांगुणा रडली नाही की ओरडली नाही. तिनं त्याचा हात तेवढा हातात घेतला, आणि सोडला नाही.

"येवढी मानसं येऊन गेली," तो म्हणाला. "घास उतरतो का, झोप लागती का, समदं इचारलं. ह्ये कुनीच इचारलं न्हाई."

"मी इचारलं की. आता सांगा."

तो सांगायला लागला. सुजलेल्या जबड्यातून शब्द धड फुटत नव्हते. चांगुणानं घाई केली नाही. जो शब्द कळला नाही, तो तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावला.